बसला तो धरणार

मोडका रेडिओ माणूस दुरुस्त करून घरी नेतो, किस्सा मात्र दुकानातच टाकून जातो. भूमच्या शिवाप्पा मिस्त्रींच्या दुकानात असे इतके किस्से साठले होते की रेडिओ ठेवायला जागा कमी पडायची! मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की पाय आपोआप तिकडं वळायचे. शेजारचा चाँदभाई शिंपी आणि बार्शी गाडीचा कंडक्टर नामदेव हे माझ्यासारखेच रोजचे मेंबर.

दुकानाला नियम एकच होता, "बसला तो धरणार!" रेडिओच्या तारा कथलाचा डाख देऊन जोडतात. मिस्त्रींच्या एका हातात शेगडीवर तापवलेली सळई, दुसऱ्या हातात कथील. मग जोडायची तार धरायची कुणी? समोरच्या स्टुलावर जो बसला असेल त्यानं.

एकदा रेडिओची लायसनं तपासायला एक साहेब आले. नवीन होते बिचारे, स्टुलावर बसले. मिस्त्रींनी मान वर न करता त्यांच्या हातात तार दिली. "धरा. हलवू नका." साहेबांनी धरली. मग दुसरी धरली, तिसरी धरली, घामाघूम झाले. शेवटी हळूच म्हणाले, "मिस्त्री, मी जाऊ का आता?"

लायसनचं नावसुद्धा काढलं नाही!

* * *

मोठ्या रेडिओंचं असं बरं चाललं होतं. मग ट्रान्झिस्टर आले आणि घोळ झाला. आतला एकेक पार्ट हरभऱ्याच्या डाळीएवढा, त्याच्या तारा केसासारख्या. धरणाऱ्याचा हात जरा हलला की डाख भलतीकडंच बसायचा.

ईट गावच्या म्हादबांनी आपला नवाकोरा ट्रान्झिस्टर आणला, तेव्हा स्टुलावर चाँदभाई होता. बोट भाजू नये म्हणून त्यानं शिवताना बोटात घालायचं पत्र्याचं अंगुस्तान चढवून तार दाबली. नेमकी तेव्हाच शिंक आली. कथील सांडलं आणि अंगुस्तानच रेडिओला चिकटलं! पण रेडिओ खणखणीत वाजायला लागला.

"अरे, मेरा अंगुस्तान तो निकालो!" चाँदभाई ओरडला.

म्हादबांनी रेडिओ छातीशी धरला. "हात लावू नगा! हे हाय म्हून वाजतंय!"

आणि अंगुस्तानासकट ईटला निघून गेले.

* * *

पण सगळेच म्हादबासारखे नव्हते. लोक ट्रान्झिस्टर घेऊन परस्पर बार्शीला जायला लागले. दुकान बसत चाललं. ही बातमी उमरग्याला मिस्त्रींच्या थोरल्या भावाच्या कानावर गेली. त्यांची तिथं आडत होती. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे, मिस्त्रीसुद्धा. अण्णा आले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"शिवा, पुरं झालं हे. पोळ्यानंतरच्या बाजारी मी येतो. तवर हे बारकं काम जमलं तर ठीक. न्हाय तर हत्यारांचं कपाट गाडीत घालायचं आन् माझ्यासंगं आडतीवर बसायचं."

मिस्त्री नुसतं "व्हय" म्हणाले. थोरल्या भावापुढं त्यांच्या तोंडून दुसरा शब्द कधी फुटायचा नाही. आम्हाला फार वाईट वाटलं. तराजूपाशी बसलेले मिस्त्री डोळ्यांसमोर येईनात.

जाता जाता अण्णा चाँदभाईकडं सदऱ्याचं कापड घ्यायला गेले. आडतीवर भाव तोंडानं बोलत नाहीत, हातावर उपरणं टाकून खाली बोटांनी ठरवतात. भाव ठरेपर्यंत हात सोडायचा नाही, आणि बोट चुकून हललं तरी भाव बदलतो. अण्णांनी सवयीनं चाँदभाईचा हात उपरण्याखाली धरला मात्र, चाँदभाई खी खी करून हसायला लागला.

"अण्णा, छोडो! गुदगुल्या होतात!"

त्या दिवशी कापड काही विकलं गेलं नाही.

* * *

मग आम्ही सगळे ट्रान्झिस्टरचे पार्ट धरायला काहीतरी शोधायच्या मागं लागलो. मी सायकलच्या दुकानातून लोखंडी शिकंजा आणला. चांगला वजनदार होता. पहिल्याच पार्टचा चुरा झाला. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, हा शाळेत न्या. पोरं घाबरतील."

* * *

मिस्त्रींच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी म्हणाल्या, "कणकीच्या गोळ्यात खोवून बघा की."

आणि जमलं! पार्ट तसूभर हलेना. दुकानात पोळीचा खमंग वास सुटला. मिस्त्री इतके खूश झाले की उरलेले डाख उद्या देऊ म्हणून पार्ट तसाच गोळ्यात ठेवून घरी गेले.

सकाळी बघतात तर गोळा नाही आणि पार्टही नाही. उंदरानं दोन्ही नेलं होतं! गिऱ्हाईक दारात उभं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता बातम्या ऐकायला बिळाला कान लावू का?"

* * *

शेवटी नामदेवनं बार्शीहून सोनाराचा चिमटा आणला. बारीक टोकाचा, अगदी पाहिजे तसा. हत्यार मिळालं, पण ते धरणारा हात मिळेना. माझा हात खडूच्या सवयीनं आपोआप फिरायचा. चाँदभाईला शिंकेची धास्ती. नामदेव धरायला बसला, तर तेवढ्यात स्टँडवर त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि तो पळाला. चिमटा हातात, पार्ट चिमट्यात!

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आजवर रेडिओ बार्शीला जात हुते. आता नुसते पार्टबी जायला लागले!"

* * *

पोळा झाला. बाजाराच्या दिवशी अण्णा आले. येताना बाजारातून लिंबाजी गाडीवानाची बैलगाडी ठरवूनच आले. "कपाट घे," एवढंच त्याला म्हणाले. लिंबाजी कपाट बाहेर ओढायला लागला. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. मला तर तिथून निघून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात म्हादबा आले. ट्रान्झिस्टर एका हातात, अंगुस्तान दुसऱ्या हातात.

"निखळलं बगा. तवाधरनं बोलंना. म्या बार्शीला जात न्हाय. तुमीच वाजवला हुता, तुमीच वाजवा."

मिस्त्रींनी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "कर शेवटचं," आणि प्रवासानं थकले होते म्हणून स्टुलावर बसले.

मिस्त्रींनी रेडिओ उघडला, सळई तापवली आणि सवयीनं, मान वर न करता, समोरच्या हातात चिमटा दिला. "धरा. हलवू नका."

आजवर अण्णांना असं कुणी बोललं नव्हतं!

अण्णांनी चिमटा धरला. आणि त्यांनीही सवयीनं हातावर उपरणं ओढलं.

"अण्णा, उपरणं काढा, दिसंना!"

काढलं. मग मात्र तो हात हललाच नाही. बाहेर बैलानं गाडीला हिसडा दिला, कपाट धाडकन आपटलं, अण्णांच्या नाकावर माशी बसली आणि मिशीवर उतरली. बोटं होती तशीच. मिस्त्रींनी एक डाख दिला, दुसरा दिला. सगळे मोत्यासारखे बसले. बटण फिरवलं आणि रेडिओतून बाईचं गाणं सुरू झालं. म्हादबा खुळ्यासारखे हसायला लागले. चाँदभाईनं अंगुस्तान पटकन खिशात टाकलं.

"बिड्री अण्णा," मिस्त्री घरच्या कानडीत म्हणाले, "सोडा आता."

अण्णांनी चिमटा खाली ठेवला आणि धाकट्या भावाचा हात धरला. दोन्ही हातांवर उपरणं टाकलं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. उपरणं जरा हललं, थांबलं, पुन्हा हललं. मिस्त्रींचे डोळे भरून आले. आम्ही तिघं माना लांब करून बघत होतो, पण उपरण्याखालचं कुणाला दिसतंय!

बऱ्याच वेळानं अण्णांनी हात सोडला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि दाराकडं तोंड करून हाक मारली, "लिंबाजी, कपाट उतीर खाली!"

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, मला बसायला एक बरं स्टूल बघा. हे लई हलतंय."