नानांच्या मांडीवरची जखम आणि हिराजी

हिराजी गेल्याचं मला कल्याणला, अण्णांच्या घरी कळलं. अण्णा माझे थोरले भाऊ, त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ठाण्याचे एक ओळखीचे गृहस्थ आले होते, ते बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या वडिलांचं करायला यायचा ना, तो बाळकुमचा ड्रेसर वारला." अण्णा ताक ओतून घेत म्हणाले, "हां, तोच. नानांची मांडी सोलली त्यानं." मी मान खाली घालून भात कालवत राहिलो... गेली सात वर्षं मी हेच करत आलो आहे.

नाना माझ्याकडे ठाण्याला असत. त्यांची लघवी अडली, आणि छाती अशक्त म्हणून ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मग रबराची नळी आली ती कायमची. ती ओढली जाऊ नये म्हणून मांडीला चिकटपट्टीनं लावून ठेवायची. दर आठवड्याला नळी बदलायला दवाखान्यातले ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, हिराजी सायकलवरून येत. बाळकुमच्या खाडीवर वाढलेला कोळी माणूस, बोटं जाड, पण पट्टी सोडवायला पाव तास घ्यायचे. कडेनं कोमट खोबरेल मुरू द्यायचं, एका बोटानं कातडी दाबून धरायची आणि पट्टी अंगालगत दुमडत आणायची. मग तेल पुसून नवी पट्टी लावायची, ती दुसऱ्या जागी.

"नाना, बोंबलाची कातडी बरी हो तुमच्यापरीस," ते म्हणायचे.

"तेल लावून ठेवलंस, आता तळतोस की काय मला?" आमचे सोवळ्यातले नाना विचारायचे, आणि दोघं खळखळून हसायचे. नळी आल्यापासून नाना हसत ते याच दिवशी.

मला हिराजींनी दोनदा दाखवलं होतं. "भाऊ, पट्टी वढायची नाय. कातडी धरायची." मधल्या दिवसांत पट्टी भिजली की बदलणं माझ्याकडे होतं. पण सकाळी ऑफिसची घाई, आणि खरं सांगायचं तर वडिलांच्या उघड्या मांडीशी बसायची मला लाजही वाटे. एकदाचं उरकावं म्हणून मी टर्रकन ओढायचो. नाना ओठ मिटून घ्यायचे. एके दिवशी पट्टीबरोबर रुपयाएवढी कातडी निघून आली. मी घाबरलो आणि त्या ओल्या जखमेवरच नवी पट्टी चिकटवली, झाकायला म्हणून. दुसऱ्या दिवशी ती काढताना जखम दुप्पट झाली. तीही मी झाकली.

हिराजींनी पट्टी उघडली त्या दिवशी नेमके अण्णा आलेले. वास आला, तसे ते उठून आले. "हे काय? जनावर सोलतोस की काय? तुझ्या डॉक्टरला सांगून तुला घरी बसवतो!"

मी पाण्याचं तसराळं धरून उभा होतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. हिराजींनीही पाहिलं. त्या जागी आपण पट्टी लावलेली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"चूक झाली, साहेब," ते म्हणाले. "पंधरा दिस द्या. ही भरून देतो, मंग काय ते करा."

मी सायकलपर्यंत त्यांच्यामागे गेलो. तेच म्हणाले, "तुमचं नाव आलं असतं तर उद्यापासून तुमी नानांना हात लावला नसता. भ्यानं. मंग मी नसताना त्यांचं करणार कोन?"

त्या दिवसापासून चिकटपट्टी बंद झाली. जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या फाडून त्यांनी नळी मांडीला सैलसर बांधली. जखम धुवायला पंधरा दिवस रोज आले आणि रोज माझ्याच हातून धुऊन घेतली. जखम भरली. अण्णांनी तक्रार केली नाही, पण हिराजी दारात समोर आले तरी त्यांच्याशी बोलतही नसत. नाना पुढे अडीच वर्षं जगले, पुन्हा एकदाही कातडी फाटली नाही. शेवटी शेवटी एकदा म्हणाले, "हात सुधारला हो तुझा." वडिलांना न दुखवता हात लावता येणं हे मला त्या माणसानं दिलं, आणि त्यासाठी आमच्या घरात स्वतःचं नाव जाऊ दिलं. मी आधी भीतीनं गप्प राहिलो, नंतर सवयीनं. नाना गेल्यावर तर सांगायला काहीच हरकत नव्हती... तरी नाही सांगितलं.

इथवरचा मजकूर छापायला देण्याआधी कल्याणला गेलो आणि अण्णांना वाचून दाखवला. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मला वाटलं, आता बोलतील ते सगळं मी ऐकून घ्यायचं.

"त्याची बायको आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"आहे. बाळकुमलाच."

ते उठले, खुंटीवरचा कोट काढला. "चल. तिच्यासमोर मला बोलायचंय. आणि तू माझ्याआधी बोलायचंस."