लाखबंद बरणीतला पतंग

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. वाचताना माझ्या हातात लाल पेन असतं असं माझी मुलगी म्हणते, आणि ते खोटं नाही. निम्म्या अनुभवांत लाईट गेलेली असते, उरलेल्यांत सांगणारा अर्धवट झोपेत असतो. माझा अनुभव दुपारी साडेतीनचा आहे. लख्ख उन्हातला... आणि पन्नास-साठ माणसांसमोरचा. भानामती, करणी, भूत — यांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. वडील शेतमजूर होते, पण आम्ही विहारात जाणारी माणसं. घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे शेवटी कुणी "आता तरी पटलं ना बाई?" असं पत्र टाकू नये.

साल शहाऐंशी. आदिलाबाद जिल्हा, मुधोळपासून सहा-सात किलोमीटरवरचं गाव. नाव देत नाही, या हकिकतीतली बरीच माणसं अजून तिथेच आहेत. मी तिथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेच्या मागे गयाबाईचं तिळाचं वावर. गया एकटी बाई, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिच्या बांधाला लागून नागोराव पटेलांचं शेत, त्यातही तीळच. पटेलकी, म्हणजे तिकडची पाटीलकी, सरकारने काढून टाकली होती, पण गावाच्या तोंडी नागोराव अजून पटेलच होते. त्यांच्या घरापासून चावडी शंभर पावलांवर. ही शंभर पावलं लक्षात ठेवा.

भादव्यात पटेलांची सून रुक्मिण बाळंत झाली आणि आठव्या दिवशी तापाने फणफणली. त्याच दिवशी दिवेलागणीला तिच्या खोलीत काहीतरी उडत शिरलं. सकाळी शाळेत पोरं ओरडत आली, "मॅडम, डांबावरची कवटी उडून आली! पटलीणबाईनं टोपल्याखाली झाकली!"

आमच्याकडे विजेच्या डांबावर धोक्याची पाटी असते, तिच्यावरची कवटी पोरांना पाठ. मी गेले, टोपलं उचललं. खाली एक पतंग होता. मिटलेला असूनही चिमणीएवढा. पोटावर पिवळे-काळे पट्टे आणि पाठीवर, मानेच्या खाली, खरोखरच कवटी — दोन डोळे, चपटं कपाळ, सगळं. मी तो चिमटीत धरला, तर उंदराच्या पिलासारखा चीं-चीं ओरडला. मागे उभी माणसं दोन-दोन पावलं सरकली. खरं सांगते, मीही तो घाईने टोपल्याखाली सारला. पतंग ओरडतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"हे गयाच्या वावरातून आलं," पटलीणबाई म्हणाल्या. "म्या डोयानं पाह्यलं. तिनंच धाडलं माह्या सुनेवर."

"काऊन धाडंल ती?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"काऊन म्हंजे? तिले लेकरू नाई. आमच्या घरी पाळणा हालला, ते तिले पाहावलं नाई."

दुपारपर्यंत चावडीवर ठरलंसुद्धा. गयाचे पुढचे दात पाडायचे. दात पडले की मंत्राचे शब्द तोंडातून धड निघत नाहीत, भानामती फुकट जाते — ही तिकडची समजूत. मग तिला गावाबाहेर काढायचं. मी चावडीवर गेले आणि सांगितलं, आधी सुनेला भैंशा गावच्या दवाखान्यात न्या, दात काय पळून जातात का. आणि मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. शाळेच्या बाईशी भांडायला कुणी धजत नव्हतं, एवढ्यावर शुक्रवार मिळाला. रुक्मिणला बैलगाडीतून नेलं. गयाला मी माझ्या खोलीत आणलं.

पतंग तोवर मेला होता. तो काडेपेटीत मावेना, म्हणून रिकाम्या खडूच्या खोक्यात घालून मी भैंशाच्या शेतकी ऑफिसात गेले. तिथले साहेब तेलुगू, पण मराठी समजणारे. खोकं उघडताच हसले.

"हॉक मॉथ आहे मॅडम. डेथ्स हेड, म्हणजे कवटीवाला, म्हणतात. तुमच्याकडे तीळ आहे का?"

"आहे."

"मग असणारच. तिळाच्या पानांवर याची अळी बघा, बोटाएवढी जाड, शेपटीवर शिंग. खाऊन पोट भरलं की ती मातीत उतरते, तिथे कोष करते. दोन-तीन आठवड्यांनी हा बाहेर येतो. दिव्यावर येतो, मधाच्या पोळ्यात घुसून मध पितो. ओरडतो तो सोंडेतून हवा फुंकून. चावत नाही, डसत नाही."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. परत येताना बसमध्ये इतकी खूश होते की तिकीट घ्यायची विसरले, कंडक्टरची बोलणी खाल्ली.

शुक्रवारी मी पंचांना घेऊन शेतात गेले. गयाच्या नाही, मुद्दाम पटेलांच्या तिळात. अर्ध्या तासात अळी सापडली. पिवळट हिरवी, अंगावर तिरप्या रेघा, शेपटीला शिंग.

"पटेल, हा तुमच्या तिळावर वाढलेला जीव. याचाच तो कवटीवाला पतंग होणार. झाला, तर गयाचं नाव घ्यायचं नाही."

"आन् नाई झाला तर?"

"तर मी मध्ये पडणार नाही."

हे मी बोलायला नको होतं. दात माझे नव्हते, गयाचे होते. पण बोलून बसले.

अळी लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवली, तळाला वीतभर माती. पाच दिवस वर्गातली पोरं ताजी पानं आणून घालत होती. सहाव्या दिवशी तिचा रंग मळकट झाला, ती मातीत शिरली. चार-पाच दिवसांनी कोष दिसू लागला — नशीब एवढं की अगदी काचेला लागून — तपकिरी, चकचकीत, अंगठ्यापेक्षा लांब. तेव्हा पटेल म्हणाले, "तुमी मास्तरीण लोकं हुशार. रातीतून बदलून टाकसाल. बरणी माह्या घरी राहीन."

"राहू द्या. पण सील करून."

परीक्षेचे गठ्ठे आम्ही जसे बांधायचो तशीच बरणी बांधली. तोंडावर दुहेरी मांजरपाट, वर सुतळी, गाठीवर वितळलेली लाख. लाख गरम असतानाच पटेलांनी तिच्यावर अंगठा दाबला. भाजला, तर मला शिवी घातली. बाकी दोन पंचांनी शेजारी आपले अंगठे उमटवले.

पुढे रोज शाळा सुटली की मी जाऊन बघायचे. कोष जिथल्या तिथे. रुक्मिणचा ताप उतरून ती घरी आली, तरी पटेलांचा हट्ट उतरला नाही. गया माझ्या खोलीत भाकरी थापायची आणि रोज एकच विचारायची, "निघन ना ओ मॅडम?"

अठराव्या दिवशी सकाळी पटेलांचा गडी धावत आला. मी गेले. कापडाच्या आतल्या बाजूला पतंग बसला होता. पंख पूर्ण सुकलेले, पाठीवर कवटी स्पष्ट. पटेलांनी पाहिला, पटलीणबाईंनी पाहिला, रुक्मिणने लेकराला पदराखाली घेऊन लांबून पाहिला. दुपारी साडेतीनला चावडीवर साऱ्या गावासमोर उघडायचं ठरलं. शाळा अर्धी सोडून मी पटेलांच्या ओसरीवर बरणीसमोर बसून राहिले. उठले नाही.

उजेडात तो फडफडायला लागला. पंख फाटतील म्हणून मी बरणीवर ओला पंचा टाकला आणि ती छातीशी धरून निघाले. पुढे पटेल, मागे पंच, आजूबाजूला पोरं. ती शंभर पावलं. निम्म्या वाटेपर्यंत काचेवर त्याचे पंख आपटत होते, माझ्या तळव्याला कळत होतं. वडाजवळ तो एकदा ओरडला, पटेलांनी वळून पाहिलं. मग तो शांत झाला.

चावडीच्या ओट्यावर बरणी ठेवली. पंचा काढला.

आत कुणी नव्हतं.

लाख अखंड. तीन अंगठे जसेच्या तसे. सुतळी ताणलेली. मी बरणी उलटीसुलटी केली. मग सगळ्यांदेखत लाख फोडली, कापड काढलं, माती ओट्यावर ओतली. पाठीवर उललेला रिकामा कोष निघाला. कापडाला आतून तांबूस डाग होता, बाहेर पडल्यावर पतंग जो ओलावा टाकतो त्याचा. काचेवर पंखांची राखाडी भुकटी होती. पतंग नव्हता.

"पाह्यलं?" पटेल ओरडले. "उडवला तिनं! बसल्या जागेवरून उडवला! धरा तिले!"

गया समोर बायकांत बसली होती. दोन गडी उठले. मला काय झालं असेल ते असो, भीती नाही वाटली. संताप आला — पटेलांचा, गावाचा आणि त्या पतंगाचासुद्धा. मी ओट्यावर चढले.

"थांबा! अळी कोणाच्या शेतातली?"

उठलेले गडी जागीच उभे राहिले.

"पटेलांच्या! अठरा दिवस बरणी कोणाच्या घरात होती? पटेलांच्या! लाखेवर अंगठा कोणाचा? आणि सकाळपासून गयानं त्या बरणीला हात तरी लावला का? भानामतीच असेल, तर ती पटेलांच्या शेतात वाढली, पटेलांच्या घरात जन्मली आणि पटेलांच्या अंगठ्याखालून निघून गेली. मग दात कोणाचे पाडायचे?"

मग कडेला बसलेले लिंबाजी म्हातारे म्हणाले, "पटेलाचे काय पाडता बाई... त्याहिचे चारच राह्यले!"

आधी एक पोरगं हसलं, मग बायका, मग अख्खी चावडी. उठलेले दोन गडी तोंड वळवून खाली बसले. पटेल अंगठा चोळत घरी गेले. गयाचे दात वाचले.

मी जिंकले, पण ज्यावर जिंकायचं होतं त्यावर नाही. पतंग दाखवायचा होता. दाखवली ती रिकामी बरणी.

नंतर मी बरणीत काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवली, थेंब गळला नाही. कापड उन्हात धरून सूत न् सूत तपासलं. पंचा झटकला, वाटेवरचा वड पाहिला. भैंशाचे साहेब म्हणाले, "मॅडम, उचलतानाच उडाला असेल, तुम्हाला दिसलं नाही." लाखेखालून? त्यावर त्यांनी चहा मागवला.

त्या संध्याकाळी गया चुलीपुढे बसली होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम... म्या बसल्या बसल्या लय आठवून राह्यली होती त्या पाखराले. माह्याच्यानंच तर नसंल झालं ना ओ?"

"गप बस," मी म्हणाले. "चहा टाक."

दहा वर्षं झाली. गया आपल्या घरात आहे, दरवर्षी तीळ पेरते, संक्रांतीला मला पिशवीभर पाठवते. ती बरणी माझ्याकडे आहे, तिच्यात लोणचं असतं. तो पतंग कुठे गेला, मला माहीत नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं, मी तपासून बघेन. पेपर तपासताना मी पोरांना सांगते, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, मार्क जातील, पण लाज जाणार नाही. या प्रश्नासमोरची जागा मी कोरीच सोडली आहे. तिथे गयाचं नाव लिहू देणार नाही.