वीतभर उजेड

"आधी पान उलटं करा, मग तोंड उघडा."

कारभारीनाना हे कोणालाही सांगत. द्राक्षाच्या बागेत तर सांगतच, पण सोयरिकीच्या बैठकीतही सांगत. कोणी कोणाच्या मुलाविषयी घाईने काही बोललं, की नाना तंबाखू मळायचं थांबत, डोळे बारीक करत, एवढं वाक्य बोलत आणि पुन्हा मळायला लागत. समोरच्याला कधी अर्थ लागे, कधी लागत नसे. नानांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

दिंडोरीहून वणीकडे निघालं की दोन्ही हातांना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. त्या हिरव्या पट्ट्यात नानांचं गाव. स्वतःची बाग एक एकराची, पण नजर साऱ्या गावाच्या बागांवर. तीस वर्षं झाली, कोणाच्या बागेत काही पांढरं, काळं, तांबडं दिसलं, की औषधाच्या दुकानात जाण्याआधी माणूस नानांच्या ओट्यावर यायचा. नाना जायचे, दोन ओळी चालायचे, पान उलटं करायचे, घडाखाली वाकायचे आणि सांगायचे, भुरी आहे किंवा नाही. भुरी म्हणजे पिठासारखा पांढरा रोग. पानावर बसतो, मण्यावर बसतो, मण्याची साल करपवतो. नाना आहे म्हणाले तर आहे. नाही म्हणाले तर माणूस घरी जाऊन निवांत जेवायचा. या कामाचा त्यांनी चहापलीकडे मोबदला घेतला नाही. गावात त्यांच्या शब्दाला जी जागा होती, तीच त्यांची खरी मिळकत.

गेल्या दिवाळीनंतर नाशिकला त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा डोळा उन्हाळ्यात करायचा ठरला. पट्टी निघाली त्या दिवशी नाना ओट्यावर बसून घराच्या चुन्याच्या भिंतीकडे बघत राहिले. डाव्या डोळ्याने बघितली तर भिंत निळसर, नीळ दिलेल्या धोतरासारखी. उजव्याने बघितली तर हळदीचा हात लागल्यासारखी. दोन्ही डोळे उघडे ठेवले की भिंत नेमकी कोणत्या रंगाची, ते सांगता येईना. नाना हे कोणाला बोलले नाहीत.

त्यात त्यांची जुनी बॅटरी गेली. दोन सेलची, पिवळ्या बल्बची. सेल आतच पाझरले आणि स्प्रिंग गंजून भुगा झाली. बॅटरीशिवाय नानांचं चालत नसे. माघात द्राक्षाचे घड उन्हाने रंग सोडू नयेत म्हणून त्यांना कागद गुंडाळतात, आणि त्या कागदात खालून डोकवायचं तर उजेड लागतो. तोही सूर्य वर येण्याआधी, कारण एकदा मांडवातून कवडसे पडायला लागले की डोळा फसतो.

म्हणून मंगळवारी नाना सून चैतालीला घेऊन नाशिकला गेले. एमजी रोडवरच्या दुकानात शेखर नावाचा मालक काउंटरमागे होता.

"बोला बाबा."

"बॅटरी पाहिजे. खिशात मावणारी. चार्जिंगची."

"उजेड लांब किती जायला हवा? ही बघा, पाचशे मीटर मारते. तुमच्याकडे बिबट्याचा त्रास आहे ना."

"वीतभर."

"काय?"

नानांनी अंगठा आणि करंगळी ताणून काउंटरवर ठेवली. "एवढा. घडाच्या कागदात बघायचंय."

शेखर हसला. "वीतभर बघायला टॉर्च कशाला बाबा, काडी ओढा की."

"कागदात काडी ओढून बाग पेटवू का दादा?" चैताली म्हणाली. "तुम्ही दाखवा गुमान."

शेखरने सात टॉर्च मांडल्या. एक बोटाएवढी, एक चपटी, एकीला मागे चुंबक, एकीला कपाळावर बांधायचा पट्टा. प्रत्येकीच्या डबीवर लुमेनचे आकडे.

"लुमेन म्हणजे?" नानांनी विचारलं.

"उजेडाचं माप."

"मग जास्त चांगलं का कमी?"

"जास्तच चांगलं."

"जवळून बघायलापण?"

शेखर जरा घुटमळला. "जवळून कमी चांगलं. पण जास्तवाल्यात कमी करता येतं."

नानांनी बोटाएवढी टॉर्च घेतली. एकदा दाबली तर मध्यम उजेड. दोनदा दाबली तर एवढा की शेखरने तोंडापुढे हात धरला. दाबून धरली तर मिणमिण. बंद करायला म्हणून पुन्हा दाबली तर पुढाऱ्याच्या गाडीसारखी लुकलुकायला लागली आणि थांबेना. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेखरने हातातून घेऊन ती बंद केली. कशी केली ते नानांना दिसलं नाही.

चैताली मोबाइलवर लोकांनी काय लिहिलंय ते वाचत होती. "नाना, एक म्हणतो हिच्यासारखी दुसरी नाय. एक म्हणतो खिशात तापून मांडी भाजली. आणि या एकाला डबीत टॉर्चऐवजी कंगवा निघाला."

"कंगवा कसा होता, ते लिहिलंय का?" नानांनी विचारलं. त्यांचा चेहरा गंभीर होता.

एक टॉर्च शेखरने स्वतःहून बाजूला सारली होती. नानांनी ती पेटवली. पिवळा, मऊ उजेड पडला.

"ती नका घेऊ," शेखर म्हणाला. "कोणी घेत नाही. लोकांना वाटतं चार्जिंग उतरलंय."

नानांचा हात त्या टॉर्चवर रेंगाळला. पण चैताली म्हणाली, "नाना, आता नवा डोळा बसवलाय, तर जुना उजेड कशाला?" ते त्यांना पटलं, म्हणजे पटल्यासारखं वाटलं. दुकानात छतभर दिवे लखलखत होते. त्यात कोणती टॉर्च काय दाखवते, ते तसंही समजत नव्हतं. बोटाएवढी पांढरी टॉर्च त्यांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गावातला गोरक्ष बाग बघायला बोलवायला आला. गोरक्षचा माल परदेशी जायचा होता. बारा दिवसांनी काढणी. मण्यांचा नमुना तपासून आला होता, त्यात औषधाचा अंश निघाला नव्हता; म्हणजे आता फवारा मारायचा नाही, काही झालं तरी नाही. आणि अशा मालाला बोटही लावायचं नाही. द्राक्षाच्या मण्यावर जात्याच एक पांढुरकी साय असते. ती पुसली गेली की परदेशी गिऱ्हाईक घड शिळा समजून बाजूला टाकतं. बाया छाटणीलासुद्धा देठाला धरून काम करतात.

"शेजारच्या बागेत भुरी निघाली म्हणतात," गोरक्ष म्हणाला. "आपल्यात नसंल. पण तुम्ही सांगितलं की जीव भांड्यात पडंल."

गोरक्षच्या बागेत नाना वाकले. घडाच्या कागदाखाली नवी बॅटरी धरली आणि दाबली.

मणी पांढरे दिसले. पीठ भुरभुरल्यासारखे. नाना दुसऱ्या घडाकडे गेले, मग तिसऱ्या, मग चौथ्या. सगळीकडे तेच. पान उलटं केलं, तर पानावरही पांढरे ठिपके. ते जुन्या फवाऱ्याचे डाग असतील, नसतील. त्यांनी डावा डोळा मिटला. उजव्याने पांढरं तितकं पांढरं दिसेना. उजवा मिटला, पुन्हा पीठ. एरवी त्यांनी एक मणी अंगठ्याने चोळून बघितला असता. भुरी पुसली की खाली करपलेली तांबूस जाळी उरते; साय पुसली की काचेसारखा हिरवा मणी. पण या घडाला बोट लावायची सोय नव्हती.

"नाना?" गोरक्षने विचारलं.

नवा डोळा, नवी बॅटरी. खोटं बोलायला दोघांनाही काय कारण? नाना म्हणाले, "आलीय."

गोरक्ष मांडवाच्या खांबाला टेकला. "किती?"

"चार घड बघितले. चारही."

फवारा मारता येत नाही आणि बारा दिवसांत भुरी साऱ्या बागेत पसरते, हे दोघांनाही माहीत होतं. राहिला एकच रस्ता. इथल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात माल द्यायचा आणि उद्या सकाळीच सगळी बाग उतरवायची. गोरक्षची आई भागीबाई चहा घेऊन आली. नानांनी तो घेतला, पण त्यात साखर होती की नव्हती हे त्यांना नंतर आठवेना.

घरी येऊन ते झोपले नाहीत, जेवलेही नाहीत. दुपारी स्वतःच्या बागेत गेले. परवा टळटळीत दुपारी ती बाग त्यांनी कागद सोडून बघितली होती, स्वच्छ होती. कागदाखाली बॅटरी धरली. मणी पांढरे. दुसरा घड, पांढरे. नानांच्या पाठीला घाम सुटला. हा माल बाजारचा, इथे बोट लावायला मुभा होती. त्यांनी मणी तोडला आणि अंगठ्याने चोळला. साय निघून गेली. खाली काचेसारखा हिरवा मणी, एक डाग नाही. दहा मणी चोळले. दहाही तसेच.

मग नाना मातीतच बसले. डावा डोळा आणि बॅटरी, एक उत्तर. उजवा डोळा आणि बॅटरी, दुसरं. डावा डोळा बॅटरीविना, तिसरं. उजवा बॅटरीविना, चौथं. चार माणसं साक्षीला बोलवावीत आणि चौघांनी चार गावं सांगावीत, तसं झालं. बॅटरीचा उजेड खोटा, की डोळा खोटा, की उतारवयात माणूसच असा होतो? चैताली शोधत आली, तेव्हा त्यांनी घडाखाली बॅटरी धरली.

"काय दिसतं?"

चैतालीने वाकून बघितलं. "द्राक्ष दिसतं नाना."

"पांढरं का हिरवं?"

"दोन्ही." ती त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. मग सकाळी गोरक्षच्या बागेत काय झालं असेल ते तिच्या ध्यानात आलं आणि ती हळूच म्हणाली, "उद्या जाऊन ती पिवळी आणू."

"बॅटरी उद्या आणू," नाना म्हणाले. "तोंडून गेलेला शब्द आजच आणायला पाहिजे."

गोरक्ष बागेच्या तोंडाशी उभा राहून व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता. तोडायला किती माणसं आणायची, ते चाललं होतं. भागीबाई बाजूला क्रेट धूत होती.

"गोरक्ष, फोन ठेव."

"नाना, थांबा जरा."

"ठेव म्हणतो ना."

गोरक्षने फोन खिशात टाकला.

"मी सकाळी चुकलो," नाना म्हणाले. मग त्यांनी शब्द तोलला. "चुकलो असंल. मला सांगता येत नाय."

"म्हणजे? सकाळी आलीय म्हणालात."

"म्हणालो."

"आता नाय म्हणता?"

"नाय असंबी म्हणत नाय. घडाला बोट लावू दे."

गोरक्षचा आवाज चढला. "सकाळी एक, दुपारी एक. मी कुठलं धरू? माणसं सांगून बसलोय. आणि आता वरून मालाला हात लावायचा?"

भागीबाईने क्रेट खाली ठेवलं. "लावू दे रे. उद्या सगळी बाग तोडायला निघालायस आणि चार घडांची माया करतोस व्हय?"

गोरक्ष वाटेतून बाजूला झाला. नाना आत शिरले. सकाळचे चारही घड त्यांनी कागदावरून ओळखले. एकावर ट्रॅक्टरची जाहिरात होती, एकावर वाढदिवसाचा फोटो. ते तोडून त्यांनी ओट्यावर उन्हात आणले आणि एकेक मणी चोळायला घेतला. गोरक्ष उकिडवा बसून बघत होता. भागीबाईही बसली. चारही घड संपले तेव्हा ओट्यावर हिरव्या, चकचकीत मण्यांचा ढीग झाला होता. एकाही मण्यावर जाळी नव्हती.

गोरक्ष एकदम हसला, आणि तितक्याच पटकन थांबला. "मग सकाळी तुम्हाला काय दिसलं?"

"ते मला अजून समजलं नाय," नाना म्हणाले.

त्यांना आणखी काही बोलायचं होतं. नवा डोळा, जुना डोळा, निळसर भिंत, दुकानातल्या सात बॅटऱ्या. पण ते कुठून सुरू करावं हे त्यांना उमजेना. अखेर ते म्हणाले, "पुढं मला बोलवशील तर मणी चोळू देणार असशील तरच बोलव. नायतर दुसऱ्या कोणाला विचार."

नानांना वाटलं, असं म्हटल्यावर गोरक्ष म्हणेल, नाना, तुमच्यावाचून कोणाला विचारायचं? तीस वर्षांत कोणीही तेच म्हणालं असतं. नाना थोडा वेळ थांबले. गोरक्षने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते उन्हात नीट दिसलं नाही. तो फोन काढून व्यापाऱ्याचा नंबर शोधायला लागला, माणसं आणू नका म्हणून सांगायला.

नानांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि बांधाने निघाले. भागीबाई हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. पुढे पाटाच्या पाण्यावरची फळी आली, तिथे नाना थांबले, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि फळीवर पाय ठेवला. ते सुखरूप पलीकडे पोचेपर्यंत भागीबाई बघत होती. मग ते मांडवाआड गेले, तरी ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मागे गोरक्ष फोनवर मोठ्याने बोलत होता.