मान वर करायची नाही

गणपतीच्या मिरवणुकीपुढे रस्त्यावर रांगोळीच्या पायघड्या घालणाऱ्यांतली मी एक. कर्वेनगरातल्या आमच्या बायकांच्या गटात एकच नियम होता आणि तो मीच घातला होता. ओळ पूर्ण होईपर्यंत मान वर करायची नाही. कमरेत वाकून, मुठीतून रांगोळी सोडत, मागे मागे सरकत जायचं. त्यावरून पालखी जाणार, ढोलवाले जाणार. पाय पडू द्यायचा नाही तो फक्त आपला.

दोन वर्षांपूर्वी माझाच पडला. ओळ संपवून ताठ उभी राहिले आणि रस्ता कलला. तोल सावरायला टाकलेलं पाऊल नेमकं रांगोळीतल्या कमळावर गेलं आणि पाठोपाठ मीही. बायकांनी मला उचललं आणि तिथेच निदानं सुरू केली. एकीला वाटलं साखर, दुसरीला उपवास, तिसरीला वय. तिसरीशी मी बरेच दिवस बोलले नाही.

साखर, रक्तदाब, कान, सगळं तपासून झालं. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बराच वेळ मान खाली घालून बसवलं आणि मग डोळे मिटून उभं केलं. मी झुलायला लागले.

"काकू, डोकं कुठे आहे हे मानेचे स्नायू मेंदूला कळवत असतात," त्या म्हणाल्या. "ते थकले की चुकीचं कळवतात. पाय बिचारे ठीक आहेत."

"मग रांगोळी कशी काढायची?"

"थांबत थांबत. मध्ये मान वर करून."

घरी येऊन मी रडले. मिरवणूक कुणासाठी थांबत नाही, आणि रांगोळीशिवाय माझं स्वतःचं असं दुसरं काही नव्हतं.

त्यांनी दिलेले मानेचे व्यायाम मात्र नेमाने केले. सूनही सोबत करायची. हडपसरच्या कंपनीत दिवसभर लॅपटॉपवर वाकून तिचीही मान कामातून गेलेली. यंदा ती सुट्टी काढून माझ्या मागे उभी राहिली, पाठीवर हात ठेवून.

"आई, वर बघा."

"अगं, ओळ अर्धी आहे."

"असू दे. बघा."

पाहिलं. ढोलांच्या मागून, गुलालात, पालखी येत होती, अगदी माझ्या समोर. इतकी वर्षं मी बाप्पाच्या वाटेवर रांगोळी घातली, आणि त्याला येताना कधी पाहिलंच नव्हतं.

"आता खाली बघा, आई."

"थांब जरा," मी म्हटलं.