‘पतंग’वरचं माझं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं माहीत नाही — पण तोंड उघडलंच आहे तर सांगतो.

स्टुटगार्टला नोकरीसाठी येऊन मला दोनेक वर्षं झाली होती, २०१३ असेल. आमच्या भागात जुन्या घरगुती कॉम्प्युटरांच्या शौकिनांचा एक क्लब होता. ऐंशीच्या दशकातली, टीव्हीला जोडायची ती मशिन्स. महिन्यातून एका शनिवारी सगळे जमायचे, मशिन्स उघडून दुरुस्त करायचे, केक खायचे. सगळे पुरुष, बहुतेक माझ्याहून मोठे. माझं जर्मन तोडकंमोडकं. कॉफी घेऊन कोपऱ्यात उभा राहायचो.

मग एकदा नाशिकहून एक जुनी कॅसेट आणली — त्या काळी गेम गाण्यांच्या कॅसेटवरच साठवायचे. लहानपणी काकांनी लंडनहून माझ्यासाठी तसलाच एक कॉम्प्युटर आणला होता. त्यावरचा ‘पतंग’ नावाचा गेम. आपल्या पतंगाने दुसऱ्यांचे काटायचे. क्लबचा अध्यक्ष युर्गन याने ती लावली. बराच वेळ नुसती किरकिर — आणि चालला की! सगळे भोवती गोळा झाले. पडद्याच्या तळाशी नाव होतं, एस. जोशी.

युर्गन वळला. “एस. म्हणजे संदीप? तू लिहिलास?”

“गेनाऊ,” मी म्हणालो. अगदी बरोबर.

एकच शब्द. तो परत घेता आला नसता का? आला असता. पण मी पुढे सांगत सुटलो — उन्हाळ्याची सुट्टी, वीज गेली की पुसलं जाणारं सगळं काम, पुन्हा पहिल्यापासून टाइप करणं. खोटं त्यात काही नव्हतं. फक्त ते माझं नव्हतं. एस. म्हणजे संध्या. माझी ताई. कॉम्प्युटर माझा, म्हणून मी क्रिकेटला गेलो की तिला मिळायचा.

क्लबने मशिनशेजारी फलक लावला : ‘लेखक संदीप जोशी, वय बारा.’ मी वार्षिक मेळाव्यात भाषणही केलं. मला आवडत होतं — हेही सांगायलाच हवं.

तीन वर्षांनी ताई आमच्याकडे राहायला आली. बायकोने क्लबचं कौतुक सांगितलं, आणि ताई म्हणाली, “मला दाखव ना रे.” काय सांगून टाळणार होतो?

युर्गनने तिच्यासाठी मुद्दाम ‘पतंग’ लावला. तिने फलक वाचला. सावकाश.

“हा तुम्हाला खेळू द्यायचा का?” त्याने इंग्रजीत विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. “कधीकधी,” ती म्हणाली. “एरवी मी नुसती बघायचे.”

मग खुर्चीवर बसली आणि एकामागून एक पतंग काटत गेली. टाळ्या पडल्या. “ही तर तुझ्यापेक्षा भारी आहे!” युर्गन ओरडला. सगळे हसले. मीही हसलो.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, ती एवढंच म्हणाली, “कॅसेट टिकली, नाही?”

“हो,” म्हणालो. पुढचं स्टेशन आलं, त्याच्या पुढचं आलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी फोन काढला.

ती नाशिकला परतल्यावरच्या शनिवारी युर्गनने विचारलं, ताईंना आवडलं का? मी म्हटलं, खूप. सगळ्यांना नमस्कार सांगितलाय तिने.

तिने काही सांगितलं नव्हतं. फलक अजून तिथेच आहे.