पहिल्या रांगेतली माणसं

धाकटीला लहानपणापासून माणसं जागेवर बसवायचा नाद. घरी पाहुणे आले की आई चहाचं बघायची आणि ही एवढीशी चिमुरडी हुकूम सोडायची, "आत्या, तू पंख्याखाली बस, तुला घाम येतो. काका, तुम्ही दाराजवळ, तुम्हाला सारखं फोनवर बोलायला उठायचं असतं." मोठमोठी माणसं गुमान ऐकायची. असलं डोकं त्या घरात दुसऱ्या कुणाला नाही. पण ते ओळखलं थोरल्या भावानंच, हे मात्र मान्य करायला पाहिजे.

थोरला वेल्डिंगवाला. ग्रिल, शटर, जिने. शाळा आठवीत सुटली, पण त्यानं बसवलेलं गेट हत्तीनं ढकललं तरी हलणार नाही. धाकटीनं कॉलेजात कला व्यवस्थापन घेतलं तेव्हा गल्लीनं विचारलं, "म्हणजे काय करणार रे ती?" ठाऊक त्यालाही नव्हतं. पण छाती काढून म्हणाला, "नटांना, गवयांना कुठं उभं राहायचं, कुठं बसायचं, हे आमची सांगणार. साहेबच म्हणा ना!"

मग तिला एका मोठ्या नाट्यगृहात इंटर्नशिप लागली. ज्यांच्या घरातलं कुणी असल्या कामात कधी गेलं नाही, अशा पोरांसाठीच ती होती. घेतलं दोघांना, हिला आणि एका चष्मेवाल्या मुलाला. शेवटी त्यातल्या एकालाच कायम ठेवणार होते. थोरल्यानं तेव्हाच सांगून टाकलं, "एकच? मग झालंच की आमचं!"

शेवटच्या मोठ्या मैफलीत पाहुण्यांना बसवायचं काम हिच्याकडे आलं. सकाळी तिनं पास दिले. "दादा, तू आणि आई. मागच्या रांगेत आहेत जागा."

"बहिणीच्या कार्यक्रमात भाऊ मागं बसणार?"

"माझा नाही रे कार्यक्रम. मी तिथं कामाला आहे."

ऐकेल तो थोरला कसला! घरचं कार्य म्हणून अर्धी गल्ली घेऊन निघाला. बाजूच्या दारावरचा पहारेकरी ओळखीचा, त्या दाराची बिजागरी थोरल्यानंच बसवलेली. सगळे वेळेच्या कितीतरी आधी आत. पहिल्या रांगेत खुर्च्यांना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. थोरल्याच्या शेडमध्येही तयार मालावर गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी असते आणि माल जागेवर बसला की ती काढायची असते, नाहीतर काम अर्धवट दिसतं. "पोरीला वेळ मिळाला नसेल," म्हणत त्यानं नखानं एकेक चिठ्ठी अलगद सोडवली, डाग राहू दिला नाही, आणि गल्लीला बसवलं. आईला बरोब्बर मधोमध.

नाट्यगृहाचे देणगीदार आले, तेव्हा त्यांच्या जागी शेजारच्या काकू पाय वर घेऊन बसल्या होत्या.

धाकटी धावत आली. "दादा, या चिठ्ठ्या कुणी काढल्या?"

"मी! हात दुखले असते तुझे."

तिनं मागं उभ्या देणगीदारांकडे पाहिलं. "दादा, उठ. सगळ्यांना उठव. हळूच."

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो उठलाच होता, तेवढ्यात तिथल्या मुख्य बाई हसत आल्या. "अहो, बसा बसा! अशीच नवी माणसं यायला हवीत आमच्याकडे." गल्लीचा फोटोसुद्धा काढून घेतला. काकूंनी पदर सारखा केला. देणगीदारांना कडेला स्टुलं दिली. ते मध्यंतरात निघून गेले आणि धाकटी भिंतीला टेकून त्यांच्या पाठी बघत राहिली.

नोकरी चष्मेवाल्याला मिळाली. मैफलीच्या दिवशी त्याच्या घरून कुणीच आलं नव्हतं.

थोरला अंगावर इस्त्रीचा शर्ट चढवून बाईंना भेटायला गेला. "चूक माझी आहे, बाई. तिचा काय दोष? मला काय बोलायचं ते बोला."

"छे हो, तसं काहीच नाही," बाई म्हणाल्या. "फार गुणी मुलगी. चहा घेणार ना?"

चहा गोड, बोलणं त्याहून गोड. लोखंड वाकत नसेल तर तापवता येतं, हातोडा घालता येतो. इथं घाव घालायचा कुठं? भांडण तरी व्हायला हवं होतं! कप बशीवर ठेवून तो उठला.

घरी आला तर धाकटी आरशासमोर केस बांधत होती. "कुठं गेला होतास?"

"एका ग्रिलचं माप घ्यायला."

"शर्ट बघितला मी." ती एवढंच म्हणाली. मग वळली. "उद्या दुसरीकडे मुलाखत आहे. घरच्यांबद्दल सांगा म्हणतात. काय सांगू रे?"

त्याच्या तोंडाला लावायला आई गेली वीस वर्षं कुलूप शोधत होती. आई भाजी निवडायची थांबली.

"सांग, भाऊ वेल्डिंग करतो."

"आणि?"

"आणि काही नको," थोरला म्हणाला.