पिक्चरमधली घागरवाली बाई

आधीच सांगून टाकते... मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. उतारे, अंगारे, अमावास्या – आमच्या घरात यातलं काहीच चाललं नाही. माझे वडील लाइनमन होते. "करंट सोडून कशालाच भ्यायचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहासोबत, करमणूक म्हणून वाचत आले. आता स्वतःच लिहायला बसलेय, तर माझी लेक मैत्री शेजारी बसून हसतेय. हसू दे.

माझं माहेर आखाडा बाळापूर, जिल्हा हिंगोली. मी तेव्हा पाचवीत होते, धाकटी बहीण प्रज्ञा तिसरीत. आमच्यापासून तिसरं घर रफीकचं. तो माझ्याच वर्गात. त्याच्या मोठ्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. कार्यक्रम उरकला, पाहुणे पांगले. टीव्ही संध्याकाळी परत जाणार होता. म्हणून भर दुपारी आम्हा पोरांना एक भुताचा पिक्चर लावून दिला आणि मोठी माणसं अंगणातल्या लिंबाखाली पान खात बसली.

खोली जुनी, माळवदाची – म्हणजे वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं सपाट छत. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. चटईवर आम्ही अकरा लेकरं, एकमेकांना घट्ट चिकटून.

पिक्चरचं नाव सांगत नाही, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. हिंदी. हवेली, कुलूप लावलेली पेटी, लांब नखांची चेटकीण... आम्ही निम्मा वेळ डोळ्यांवर हात ठेवूनच बसलो होतो. मग जंगलात हीरोची गाडी बंद पडते. आणि तिथं ती बाई आली.

विहिरीजवळ पाठमोरी उभी. कमरेवर घागर, केस ओले. ती हळूच वळली. चेहरा अजिबात भेसूर नव्हता हो... आपल्या गल्लीतल्या कुठल्याही बाईसारखा. पण ती हीरोकडे बघत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती. सरळ. आणि म्हणाली – "बाहेर या रे लेकरांनो. उठा. लवकर या."

पहिली किंकाळी कुणाची, ते आजही ठरलेलं नाही. अकराच्या अकरा जण एकमेकांना तुडवत अंगणात! एकाची चड्डी ओली झाली होती. त्याचं नाव सांगत नाही, तो आता मोठा माणूस आहे. रफीकच्या अम्मीने विचारलं, "क्या हुआ रे?" आम्ही नुसती बोटं दाखवतोय – बाई, बाई! मोठी माणसं पोट धरून हसायला लागली.

त्यांचं हसणं चालूच होतं तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला. दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

मधली तुळई वाळवीने आतून पोखरली होती. माळवद बसलं ते बरोबर चटईवर. टीव्ही दिसेना. मातीचा ढीग माझ्या कमरेपर्यंत होता.

अम्मीने आम्हाला एका रांगेत उभं केलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. मग मटकन खाली बसून रडल्या. नंतर उठून सगळ्यांसाठी शिरा केला. लेकरं पिक्चरला भ्याली म्हणून वाचली – गावात हीच गोष्ट झाली, आणि मलाही ती पटण्यासारखीच होती. योगायोग. विषय संपला.

आता गेल्या मे महिन्यातलं सांगते. प्रज्ञा पुण्याहून माझ्याकडे हिंगोलीला आली होती. मैत्रीने तो पिक्चर नेटवर शोधून काढला. दुपारची वेळ, कूलर चालू, समोर तिखट-मीठ लावलेल्या कैऱ्या.

"बघ आता, रात्री माझ्याजवळ झोपायला येशील," मी मैत्रीला म्हटलं.

पण चेटकीण आली आणि आम्हालाच हसू फुटलं! तिच्या केसांच्या टोपाची शिवण दिसत होती. एक नख तर बोलता बोलता वाकलं. प्रज्ञाला हसून ठसका लागला.

"अक्का, ह्याला आपण काहून भेत होतो गं?"

"तेव्हा आपल्याला ते खरं वाटायचं. आता पडद्यामागं कॅमेरा आहे, मेकअपवाला आहे, हे डोक्यात असतं," मी शाळेतल्या बाईंच्या थाटात सांगितलं.

"तसं न्हाई. आता पोरगं तापानं फणफणलं की जी भीती वाटती ना, तिच्यापुढं हे काय? खरी भीती कळली की खोटी उतरती."

बरोबर बोलली.

"पण ती घागरवाली बाई येऊ दे," प्रज्ञा म्हणाली. "तिला मी अजून भेते."

हीरोची गाडी बंद पडली. आम्ही दोघी उशा छातीशी धरून बसलो. आणि... गाणं सुरू झालं. विनोदी गाणं! विहीर नाही, बाई नाही. पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. कुठेच नाही.

"कापला असंल तो सीन," प्रज्ञा म्हणाली.

तेवढ्यात मैत्रीने विचारलं, "मम्मी, हिंदी पिक्चरमध्ये ती बाई मराठी कशी बोलली?"

इतक्या वर्षांत हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी लगेच रफीकला फोन लावला. त्याचं बाळापुरातच मोबाईलचं दुकान आहे. मुद्दाम काहीच सुचवलं नाही. एवढंच विचारलं, "त्या पिक्चरमध्ये तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली रे?"

"वो घागरवाली की! और किसकी?" तो हसला. "आज भी याद है. बोली, बाहर निकलो रे बच्चो, जल्दी निकलो."

"हिंदीत बोलली?"

"हिंदी कायकी? हमारी अम्मी बोलती वैसीच बोली." म्हणजे त्यांच्या घरातली दखनी.

मग सविताला फोन केला. ती त्या दिवशी माझ्या मांडीवर जवळजवळ बसलेलीच होती. आता नांदेडला नर्स आहे. बंजारा समाजातली. तिलाही तोच प्रश्न विचारला. तीच बाई, तीच घागर, तेच ओले केस. आणि सविता म्हणाली, "ती आमच्या बोलीत बोलली ना गं. म्हणून तर मी उठले. मला वाटलं, याडीच हाक मारून राहिली." याडी म्हणजे आई.

तेव्हापासून मी डोकं लावतेय. कॅसेटमध्ये दुसरं काही रेकॉर्ड झालं असेल म्हणावं, तर ते आम्हाला तीन भाषांत कसं ऐकू येईल? आठवण आपापल्या भाषेत बदलते म्हणावं, तर मूळ बाई कुठून आली? घाबरलेल्या लेकरांनी कल्पनेने उभी केली म्हणावं... तर सगळ्यांच्या कल्पनेत एकाच वेळी? वर्गात पोरांना मी 'माहीत नाही' म्हणायला शिकवते, आज स्वतः म्हणतेय.

गेल्या रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तो पिक्चर एकटीने पुन्हा लावला. गाडी बंद पडली तिथं थांबवला. रिकाम्या जंगलाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बाई, आम्ही अकराही जण बरे आहोत. लग्नं झाली, लेकरं झाली." मग पुढे चालू केला.

तेच विनोदी गाणं. कुणी वळून बघितलं नाही. खरं सांगू? मला जरा वाईटच वाटलं.